यकृताच्या पेशी, संप्रेरकं आणि कॅल्शियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पदव्युत्तर वर्गाला जीवरसायनशास्त्र शिकवते. इथले निम्मे प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत. उरलेले नातेवाईक, शेजारी आणि हातात रक्ताचा रिपोर्ट घेऊन फोन करणाऱ्या मंडळींचे. पाठ्यपुस्तकात ‘विकर’ लिहितात, वर्गात आम्ही सगळे ‘एन्झाइम’च म्हणतो, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे.

संप्रेरकं यकृताला नेमकं सांगतात तरी काय?

बऱ्याच गोष्टी, पण सगळ्यात निकडीचा निरोप एकच असतो: साखर सोड, किंवा साखर साठव. भरपेट जेवणानंतर साधारण दीड किलोच्या यकृतात शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन साठलेलं असतं. ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची फांद्याफांद्यांची साखळी. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, त्यामुळे ही शिदोरी फार मोठी नाही. ती कधी उघडायची, किती उघडायची हे ठरवतात ग्लुकॅगॉन, अॅड्रेनॅलिन, व्हॅसोप्रेसिन ही संप्रेरकं. बंद करायला सांगतं इन्सुलिन. स्वादुपिंडातून निघालेलं रक्त प्रतिहारी शिरेवाटे (पोर्टल व्हेन) आधी यकृतात येतं आणि मग सगळ्या अंगात जातं. म्हणजे इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन यांचा निरोप सर्वांत आधी आणि सर्वांत ठळकपणे यकृतालाच मिळतो.

यकृत स्वतः साखर तयार करतं, हे कळलं कसं?

क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञामुळे. १८५५ मध्ये त्याने ताज्या यकृताच्या रक्तवाहिन्यांतून पाणी सोडून ते इतकं धुतलं, की बाहेर येणाऱ्या पाण्यात साखरेचा मागमूस राहिला नाही. मग ते यकृत तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यात पुन्हा भरपूर साखर! रक्त नाही, अन्न नाही, तरी साखर आली, म्हणजे ती आतच कशापासून तरी तयार होत होती. १८५७ मध्ये त्याने तो पदार्थ वेगळा काढला आणि ग्लायकोजेन हे नाव दिलं. कलेजीला जी किंचित गोडसर चव असते, तिचं मूळ इथेच आहे. जनावर गेलं तरी पेशीतली एन्झाइम काही काळ काम करत राहतात.

एन्झाइम ‘चालू’ होतं म्हणजे काय होतं?

पेशीत एन्झाइम आधीपासून हजर असतं, पण बरंचसं निजलेल्या अवस्थेत. ग्लायकोजेन तोडणाऱ्या एन्झाइमचं नाव फॉस्फोरिलेज. त्याच्या साखळीतल्या चौदाव्या अमिनो आम्लावर, सेरीनवर, एक फॉस्फेट चिकटलं की ते जागं होतं. फॉस्फेट काढून घेतलं की पुन्हा निजतं. निजलेल्या रूपाला ‘बी’ म्हणतात, जाग्या रूपाला ‘ए’. हे फॉस्फेट चिकटवण्याचं काम दुसरं एन्झाइम करतं: फॉस्फोरिलेज कायनेज. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

जागं झालेलं फॉस्फोरिलेज ग्लायकोजेनच्या टोकांवरून एकेक ग्लुकोज खुडतं, तेही फॉस्फेट लावूनच. ते फॉस्फेट शेवटी काढलं तरच ग्लुकोज पेशीबाहेर पडू शकतं. काढणारं एन्झाइम, ग्लुकोज-६-फॉस्फेटेज, यकृतात असतं, स्नायूत नसतं. म्हणून स्नायू आपलं ग्लायकोजेन स्वतःपुरतंच वापरतो आणि यकृत साऱ्या शरीराला वाटतं.

हे फॉस्फेटचं कोडं सिअॅटलमध्ये एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांनी सशाच्या स्नायूवर काम करताना १९५५च्या सुमारास सोडवलं. त्यातला एक प्रसंग मी दर वर्षी वर्गात सांगते. कार्ल आणि गेर्टी कोरी या दांपत्याच्या पद्धतीत स्नायूचा अर्क कागदातून गाळायचा असे. क्रेब्ज-फिशर यांनी गाळण्याऐवजी सेंट्रिफ्यूज वापरला आणि हाती लागलं फक्त निजलेलं ‘बी’. कोरींना ‘ए’ मिळत होतं, यांना मिळेना. अखेर उलगडा झाला: गाळणकागदात कॅल्शियमचा अंश होता आणि तोच कायनेजला हलवून जागं करत होता! कोरी दांपत्याला १९४७ मध्ये नोबेल मिळालं, क्रेब्ज आणि फिशर यांना १९९२ मध्ये.

पण कॅल्शियम तर हाडांत असतं. यकृताच्या पेशीत ते आलं कुठून?

हाडातलं आणि पेशीतलं कॅल्शियम एकच, काम मात्र अगदी वेगळं. रक्तात मोकळं कॅल्शियम साधारण १.२ मिलिमोलर असतं. शांत बसलेल्या यकृतपेशीच्या पेशीद्रवात ते सुमारे १०० नॅनोमोलर, म्हणजे दहा हजार पटींनी कमी. हा फरक आपोआप टिकत नाही. पेशी सतत ऊर्जा खर्च करून कॅल्शियम बाहेर फेकते, किंवा आतल्या कोठारात, म्हणजे आंतर्द्रव्यजालिकेत, भरून ठेवते. घर इतकं स्वच्छ ठेवल्यामुळेच चिमूटभर कॅल्शियम आत आलं तरी ते लगेच जाणवतं.

व्हॅसोप्रेसिन किंवा अॅड्रेनॅलिन पेशीच्या पटलावरच्या ग्राहीला, म्हणजे ते संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनाला, येऊन बसतं. ग्राहीच्या आतल्या अंगाला असलेलं जी-प्रथिन फॉस्फोलिपेज सी या एन्झाइमला उठवतं. ते पटलातल्या एका मेदरेणूचे दोन तुकडे करतं. एक तुकडा पटलातच राहतो. दुसरा, इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट, पाण्यात विरघळणारा असल्यामुळे आत जाऊन कोठाराचं दार उघडतो, आणि कॅल्शियम बाहेर उसळतं. हा तुकडाच कोठार उघडतो, हे १९८३ मध्ये मायकेल बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या पेशींवर दाखवलं. यकृतातही तेच घडतं हे त्यानंतर लवकरच स्पष्ट झालं.

ग्लुकॅगॉनही याच वाटेने जातं का?

त्याची मुख्य वाट दुसरी. ग्लुकॅगॉनच्या ग्राहीमुळे पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू तयार होतो. तो प्रथिन कायनेज ए या एन्झाइमला जागं करतो आणि ते फॉस्फोरिलेज कायनेजला फॉस्फेट लावतं. सायक्लिक एएमपीचा शोध अर्ल सदरलँड यांनी यकृताच्या अर्कावर काम करतानाच लावला, त्यासाठी त्यांना १९७१चं नोबेल मिळालं.

बरीच वर्षं सगळ्यांना वाटत होतं की अॅड्रेनॅलिनही यकृतात फक्त याच मार्गाने काम करतं. १९७०च्या दशकात जॉन एक्स्टन आणि इतरांच्या उंदरांवरच्या प्रयोगांनी वेगळंच दाखवलं. अॅड्रेनॅलिन आल्फा-१ ग्राहीवर बसलं तर सायक्लिक एएमपी फारसं न वाढताही फॉस्फोरिलेज जागं होतं, आणि ते करतं कॅल्शियम. माणसाच्या यकृतात आल्फा (कॅल्शियमची वाट) आणि बीटा (सायक्लिक एएमपीची वाट) दोन्ही ग्राही असतात, म्हणजे दोन्ही वाटा खुल्या.

या दोन्ही वाटा भेटतात कुठे? फॉस्फोरिलेज कायनेजमध्ये. हे एक प्रचंड एन्झाइम आहे: चार प्रकारचे घटक, प्रत्येकी चार, एकूण सोळा. त्यातला एक प्रकार म्हणजे चक्क कॅल्मोड्युलिन, कॅल्शियम पकडणारं प्रथिन. बाकीच्यांपैकी दोन प्रकारांवर प्रथिन कायनेज ए फॉस्फेट लावतं. म्हणजे एकाच एन्झाइमला कॅल्शियमसाठी एक कान आहे आणि सायक्लिक एएमपीसाठी दुसरा. दोन्हीकडून हाक आली तर ते सर्वांत जोमाने कामाला लागतं. शिवाय प्रथिन कायनेज ए कोठाराच्या दारालाही फॉस्फेट लावून ते अधिक हळवं करतं, त्यामुळे ग्लुकॅगॉनच्या जोडीने आलेलं व्हॅसोप्रेसिन जास्त परिणाम करतं. परीक्षेत आपण या दोन वाटा वेगवेगळ्या आकृत्यांत काढतो खऱ्या, पेशीत मात्र त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात.

म्हणजे संप्रेरक जास्त, तितकं कॅल्शियम जास्त, तितकं एन्झाइम जास्त चालू. बरोबर?

नाही. आणि या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल, तर हे वाचा.

१९८६ पर्यंत मोजमाप लाखो पेशी एकत्र घेऊन होत असे आणि आलेख गुळगुळीत दिसे: कॅल्शियम वर गेलं, मग हळूहळू खाली आलं. त्या वर्षी वूड्स, कथबर्टसन आणि कॉबोल्ड यांनी उंदराच्या यकृताच्या एकेकट्या पेशीत एक्वोरिन टोचलं. हे जेलीफिशमध्ये सापडणारं, कॅल्शियम लागताच उजळणारं प्रथिन. मग पेशीला संप्रेरक दिलं. दिसलं ते असं: कॅल्शियम एकदम उसळतं, काही सेकंदांत खाली येतं, पेशी शांत होते, मग पुन्हा तितकीच उसळी. संप्रेरकाचं प्रमाण वाढवलं तर उसळीची उंची जवळपास तीच राहिली. वाढली ती वारंवारता: काही मिनिटांनी एकदा होणारी उसळी अर्ध्या मिनिटाला एकदा होऊ लागली.

गावातला हापसा डोळ्यांसमोर आणा. एका दांड्याला साधारण तेवढंच पाणी पडतं. जास्त पाणी हवं तर दांडा भराभर मारायचा. आता हापशाखाली बुडाला बारीक भोक असलेली बादली ठेवा. सावकाश हापसलं तर दोन दांड्यांच्या मधे पाणी गळून जाईल आणि बादली भरणारच नाही. भराभर हापसलं तर गळतीच्या आत पुढचं पाणी पडेल आणि पातळी चढत जाईल. प्रत्येक उसळीत कायनेज जागं होऊन फॉस्फोरिलेजवर फॉस्फेट चढवतं, हे पाणी पडणं. ती फॉस्फेटं हळूहळू काढून टाकणारी फॉस्फेटेज एन्झाइम म्हणजे गळती. उसळ्या जवळजवळ आल्या की जागं फॉस्फोरिलेज साचत जातं. पेशी कॅल्शियमची उंची बघत नाही, ते किती वेळा आलं हे मोजते.

आणखी एक बारकावा मला फार भावतो. एकाच पेशीला वेगवेगळी संप्रेरकं दिली तर उसळीचा आकार थोडा बदलतो. अॅड्रेनॅलिनसारख्या औषधाची उसळी झटकन उतरते, व्हॅसोप्रेसिनची उतरण जरा रेंगाळते. म्हणजे प्रत्येक संप्रेरकाची स्वतःची सही असते.

उसळ्या कशाला? कॅल्शियम वाढवून तसंच ठेवलं तर काय बिघडतं?

पेशी मरते. पेशीद्रवात कॅल्शियम दीर्घकाळ चढं राहिलं तर प्रथिनं तोडणारी एन्झाइम मोकाट सुटतात आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) निकामी होऊ लागतात. थोडा वेळ वर, मग खाली, हा निरोप देण्याचा सुरक्षित मार्ग आहे.

उसळी आपोआप थांबते ती कोठाराच्या दाराच्या स्वभावामुळे. थोडं कॅल्शियम या दाराला आणखी उघडतं, म्हणून सुरुवात धडाक्यात होते. जास्त झालं की तेच कॅल्शियम दार बंद करतं. मग पंप कॅल्शियम परत कोठारात ओढतात, दार पुन्हा तयार होतं आणि पुढची उसळी येते.

कॅल्शियमचा परिणाम फक्त ग्लायकोजेनवरच होतो का?

नाही. प्रत्येक उसळीतलं थोडं कॅल्शियम तंतुकणिकांतही शिरतं आणि तिथल्या ऊर्जानिर्मितीतल्या तीन महत्त्वाच्या डीहायड्रोजिनेज एन्झाइमना चालना देतं. साखर सोडायची आणि नवी घडवायची तर ऊर्जा लागते. मागणीचा निरोप आणि ऊर्जा वाढवण्याचा हुकूम एकाच आयनाने जातो. पित्त पुढे सरकवणाऱ्या सूक्ष्म नलिकांचं आकुंचनही कॅल्शियमवर चालतं.

हे प्रयोगशाळेत मोजतात कसं?

कॅल्शियमसाठी आधी यकृतातून कोलॅजिनेज फिरवून पेशी सुट्या करतात, मग त्यांत फ्युरा-२ हा रॉजर त्सिएन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेला रंग भरतात. त्यावर ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा प्रकाश आलटून पालटून टाकायचा आणि दोन्ही वेळच्या चमकेचं गुणोत्तर काढायचं. संगणक त्याला रंग देतो: शांत पेशी निळी, कॅल्शियम वाढलेली लाल. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पडद्यावर तीन पेशी चिकटून बसल्या होत्या. व्हॅसोप्रेसिनचा थेंब पडला, डावीकडची पेशी एका कडेने लाल व्हायला लागली, लाट पलीकडच्या कडेपर्यंत गेली, आणि क्षणभराने मधली पेशी पेटली, मग उजवीकडची. शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या बारीक वाटांतून निरोप पुढे सरकतो, हे मी पुस्तकात दहादा वाचलं होतं. त्या दिवशी ते समजलं.

फॉस्फोरिलेजसाठी आपल्याकडच्या साध्या प्रयोगशाळेतही जमणारी पद्धत आहे. ग्लायकोजेन आणि ग्लुकोज-१-फॉस्फेट एकत्र घेऊन एन्झाइम उलट्या दिशेने चालवायचं आणि सुटलेलं फॉस्फेट मोजायचं. फॉस्फेट मोजायला फिस्के-सुब्बाराव पद्धत: अमोनियम मोलिब्डेट घातलं, मग क्षपणक (रिड्यूसिंग एजंट), की नळीत निळा रंग चढतो, जितकं फॉस्फेट जास्त तितका गडद. ही पद्धत १९२५ची, आणि त्यातले सुब्बाराव म्हणजे आंध्रातून हार्वर्डला गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. विद्यार्थी ती निळी नळी हातात घेतात तेव्हा मी हे नाव आवर्जून सांगते. यकृताच्या नमुन्यात कॅफीनही घालतात, म्हणजे ‘बी’ रूप दबून राहतं आणि मोजलं जातं ते खरोखर जागं ‘ए’.

इन्सुलिन मग काय करतं?

त्याची साखळी निराळी आहे. ते सायक्लिक एएमपी मोडणाऱ्या एन्झाइमला बळ देतं, फॉस्फेट उतरवणाऱ्या फॉस्फेटेजला पुढे करतं, आणि ग्लायकोजेन घडवणारं एन्झाइम जागं करतं. हापशाच्या भाषेत, बादलीचं भोक मोठं करतं.

कॉर्टिसॉल आणि थायरॉइडची संप्रेरकंही अशीच सेकंदांत काम करतात?

त्यांचं मुख्य काम सावकाश होतं. ती पेशीच्या आत केंद्रकापर्यंत जाऊन जनुकांवर परिणाम करतात, त्यामुळे एन्झाइमचं प्रमाणच वाढतं किंवा घटतं. त्याला तास लागतात. असलेलं एन्झाइम जागं करणं आणि नवं एन्झाइम घडवणं यात गल्लत करू नका.

रिपोर्टमध्ये एसजीपीटी, एसजीओटी वाढलंय. म्हणजे संप्रेरकांमुळे एन्झाइम चालू झालंय का?

नाही, आणि ही गैरसमजूत मला सर्वांत जास्त वेळा भेटते. ही दोन एन्झाइम पेशीच्या आत असायला हवीत. ती रक्तात वाढली म्हणजे पेशींना इजा होऊन ती बाहेर गळली आहेत. कारण चरबी असेल, विषाणू असेल, दारू असेल किंवा एखादं औषध. ते डॉक्टरांनी शोधायचं. फॉस्फोरिलेज कितीही जोरात चालू झालं तरी त्याचा पत्ता या तपासणीत लागत नाही.

कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्याने यकृतातली साखर सुटते का?

नाही. रक्तातलं कॅल्शियम पॅराथायरॉइड संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व अगदी अरुंद मर्यादेत ठेवतात, आणि पेशीद्रवातलं त्याहून काटेकोरपणे पेशी स्वतः ठेवते. गोळीचं कॅल्शियम हाडांसाठी. यकृताचा एक हातभार मात्र आहे: ड जीवनसत्त्वाच्या रूपांतराची पहिली पायरी यकृतात होते.

रात्री काही खाल्लं नाही, तरी सकाळी अनशापोटी साखर जास्त कशी?

कारण रात्री साखर ताटातून येत नाही, यकृतातून येते. पहाटे कॉर्टिसॉल आणि वृद्धी संप्रेरक वाढतात आणि यकृत ग्लुकोज सोडू लागतं. निरोगी माणसाचं इन्सुलिन त्याला आवर घालतं. मधुमेहात तो आवर कमी पडतो, त्यात ग्लुकॅगॉनही हवं तितकं खाली येत नाही. म्हणून “मी रात्री फक्त भाजी-भाकरी खाल्ली होती हो” असं कळवळून सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. त्यांच्यावर संशय घेऊ नये. ताप, मोठी काळजी, शस्त्रक्रिया यांतही अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल वाढल्यामुळे साखर चढते.

उपवासात काय होतं?

साबुदाण्याची खिचडी, रताळं, वरई खाऊन केलेल्या एकादशीला यकृताच्या हिशेबी उपवास म्हणता येत नाही, पिष्ट भरपूर मिळतं. निर्जळी किंवा निराहार उपवासात मात्र साधारण दिवसभरात ग्लायकोजेन बरंचसं संपतं. मग यकृत लॅक्टेट, ग्लिसरॉल आणि अमिनो आम्लांपासून नवं ग्लुकोज घडवतं. पाणीही न घेतल्यास व्हॅसोप्रेसिन वाढतं. मूत्रपिंडाला पाणी राखायला सांगणारं हे संप्रेरक यकृतात कॅल्शियमच्या उसळ्या उठवणारंच. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी असा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

साखर फार उतरल्यावर ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन देतात, ते प्रत्येकाला लागू पडतं का?

बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर घालता येत नाही, तेव्हा हे इंजेक्शन जीव वाचवतं; मोठ्या माणसाला नेहमीचा डोस १ मिलिग्रॅम. पण ते यकृतातल्या ग्लायकोजेनवर विसंबून आहे. खूप तास उपाशी असलेल्या किंवा उपाशीपोटी भरपूर दारू प्यायलेल्या माणसाचं कोठारच रिकामं असतं. तिथे निरोप पोचतो, एन्झाइमही जागं होतं, पण तोडायला काही उरलेलं नसतं. अशा वेळी शिरेतून ग्लुकोजच द्यावं लागतं, म्हणून रुग्णालय गाठायला वेळ घालवू नका.

हे एन्झाइम जन्मतःच बिघडलेलं असलं तर?

असा आजार आहे: ग्लायकोजेन साठवण विकाराचा नववा प्रकार. यात फॉस्फोरिलेज कायनेजच नीट काम करत नाही. दोन्ही कानांनी हाक ऐकणारं तेच एन्झाइम. ग्लुकॅगॉन येतं, कॅल्शियम उसळतं, पण फॉस्फोरिलेजपर्यंत निरोप पोचत नाही. ग्लायकोजेन साचून यकृत वाढतं, मुलाचं पोट पुढे येतं, उंची मागे पडते, आणि पहाटे साखर उतरून ते मलूल किंवा घामाघूम होतं. सर्वांत जास्त आढळणाऱ्या रूपातलं सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून रुग्ण बहुतेक मुलगे.

आईवडिलांनी धीर सोडू नये. यातली बरीच मुलं वयानुसार सुधारतात. उपचार मुख्यतः आहाराचे: थोड्या थोड्या वेळाने खायला देणं, प्रथिनं वाढवणं, आणि झोपताना न शिजवलेला मक्याचा स्टार्च पाण्यात कालवून पाजणं. न शिजवलेलाच, कारण तो आतड्यात सावकाश पचतो आणि तासन्‌तास थोडं थोडं ग्लुकोज सोडत राहतो. शिजवला तर भराभर पचून जातो. किती ग्रॅम आणि किती वाजता हे मुलाच्या वजनावर आणि रात्रीच्या साखरेच्या नोंदींवर ठरतं, ते चयापचयाच्या आजारांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि मूल पहाटे उठवूनही नीट जागं होत नसेल, तर ‘झोपाळू आहे’ म्हणून सोडून देऊ नका; त्याच क्षणी बोटातून रक्त घेऊन साखर पाहा.